झालर

स्लाइडवर मेणपेन्सिलीने दोन गोल काढायचे. डाव्या गोलात साध्या पाण्याचा थेंब, उजव्यात मॅनोज नावाच्या साखरेच्या द्रावणाचा. मग दोन्हींत ई. कोलाय जिवाणूंचा एकेक थेंब आणि शेवटी पाण्यात कालवलेल्या यीस्टचा. स्लाइड दोन बोटांत धरून हळूहळू पुढे-मागे कलती करायची. घाई करायची नाही. सुरुवातीला दोन्ही थेंब सारखेच गढूळ दिसतात. मग डावीकडे काहीतरी फाटल्यासारखं होतं. दुधट गढूळपणा विरत जातो, पाणी नितळ होतं आणि त्यात पांढरे कण दिसू लागतात, आधी बारीक वाळूसारखे, मग चांगले ठसठशीत. उजवीकडचा थेंब मात्र होता तसाच.

दरवर्षी मी हा प्रयोग मुलांकडून करून घेते. सूक्ष्मदर्शक लागत नाही, महागडं काही लागत नाही, आणि एक अदृश्य गोष्ट उघड्या डोळ्यांना दिसते: जिवाणूंनी यीस्टच्या पेशींना धरलेलं असतं. एकेक जिवाणू एका अंगाने एक पेशी धरतो, दुसऱ्या अंगाने दुसरी, आणि बघता बघता सगळ्यांची मोट बांधली जाते. उजवीकडे त्यांचे हात आधीच सुट्या साखरेने भरलेले असतात, म्हणून तिथे कुणीच कुणाला धरत नाही.

यंदा एका मुलीने स्लाइडवरची नजर न काढताच विचारलं, "मॅडम, पण धरून त्यांना मिळतं काय?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. यीस्टच्या आवरणात मॅनोज असतं, आपल्या पेशींवरही असतं, जिवाणूच्या अंगावरचे तंतू त्या साखरेला चिकटतात. उत्तर बरोबर होतं, पण तिच्या प्रश्नाचं नव्हतं. तिला कसं नव्हे, कशासाठी ते हवं होतं. ते मला घरी जाताना सुचलं. राहायला मिळतं, बाई. आपलं शरीर आतून सगळं वाहतं आहे. लाळ वाहते, आतडं सतत पुढे ढकलत असतं, श्वासनलिकेतला चिकट द्राव वर वर सरकत असतो, लघवी तर दिवसातून कितीदा तरी सगळं धुऊन नेते. या वाहत्या घरात ज्याला धरता येत नाही तो संध्याकाळपर्यंत बाहेर. रोग, विष, ताप हे सगळं नंतरचं. आधी धरून राहणं.

ते धरण्याचं साधन म्हणजे फिम्ब्रिया. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ झालर, कापडाच्या कडेला सुटलेले धागे. जे. पी. ड्युगिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये ई. कोलायच्या अंगावरच्या या तंतूंना हे नाव दिलं. पोहण्यासाठी वापरली जाणारी लांब शेपटी, म्हणजे फ्लॅजेला, वेगळी आणि हे तंतू वेगळे, हे त्यांनी दाखवलं. शिवाय ही झालर आणि रक्तातल्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करण्याची ताकद यांचा संबंध असतो, हेही. चार वर्षांनी चार्ल्स ब्रिंटन यांनी याच तंतूंना 'पिलाय' म्हटलं, म्हणजे केस. आजही दोन्ही नावं चालतात, आणि त्यावरून विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो. मला स्वतःला झालर हे नाव जवळचं वाटतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढलेलं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. मधे लांबट गोळा, आणि सगळ्या बाजूंनी सरळ, बारीक, ताठ रेघा. एका जिवाणूवर शे-दोनशे, कधी त्याहून कितीतरी जास्त. जिवाणू स्वतः जेमतेम दोन मायक्रॉन लांब आणि एकेक तंतू एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे अंगाएवढा लांब. जाडी मात्र सात नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरच्या केसाहून सुमारे दहा हजार पट बारीक.

चित्र छान आहे म्हणून वहीत काढलं, नावं दिली, परीक्षेत लिहिलं, विसरले.

ते चित्र परत आठवलं ते मी स्वतः आजारी पडले तेव्हा. पहिल्यांदा लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा आई म्हणाली, "उन्हाळी लागली असेल, पाणी पी भरपूर." प्यायले. दोन दिवसांनी कंबरेपर्यंत कळा आणि थंडी वाजून ताप. युरिन कल्चर केलं, ई. कोलाय निघाला, प्रतिजैविक घेतलं, बरं वाटलं. दोन महिन्यांनी पुन्हा. मग पुन्हा. दोन वर्षांत सात वेळा. दर वेळी जिवाणू वाढवायच्या मॅकॉन्की अगारच्या बशीवर त्याच गुलाबी, गोल, सपाट वसाहती. माझ्या हाताखालून अशा शेकडो बशा गेलेल्या होत्या, पण या माझ्या होत्या.

त्या काळात एका डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "स्वच्छता पाळता ना नीट?" प्रश्न साधा होता, विचारायलाही हवा होता. पण चौथ्यांदा विचारला जातो तेव्हा तो प्रश्न राहत नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, हात कसे धुवावेत हे शिकवून माझं पोट भरतं, आणि त्या खुर्चीत बसून मला वाटलं, माझंच काहीतरी घाण आहे. हे मी कुणाला सांगितलं नाही. नंतर कळलं की असं वाटणाऱ्या खूप जणी असतात. जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. स्त्रीचा मूत्रमार्ग चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा वीसच्या आसपास. ई. कोलाय आपल्या आतड्यातच राहतो, बाहेरून यावा लागत नाही. एवढ्या छोट्या वाटेवर कुठल्याही स्वच्छतेने त्याला कायमचं अडवता येत नाही. मग प्रश्न उरतो तो असा, की आत शिरलेला जिवाणू धुऊन का जात नाही? तेव्हा मी जुनी वही नाही, नवे शोधनिबंध काढून बसले.

त्या तंतूची रचना वाचताना मी माझं दुखणं काही वेळ विसरले, हे खरं सांगते. तंतूचा मुख्य दांडा म्हणजे फिम-ए नावाच्या प्रथिनाचे हजारभर तुकडे एकात एक अडकवून पिळलेली दोरी. टोकाला थोडा बारीक, लवचिक भाग, आणि अगदी शेवटी एकच रेणू, फिम-एच. त्याच्या टोकाशी एक खोल खोबण असते, तिच्यात मॅनोजचा एक रेणू चपखल बसतो. एवढी लांब दोरी वळली ती त्या एका खोबणीसाठी. तंतू वाढतो तोही केसासारखा, मुळाकडून. आधी टोक बाहेर पडतं आणि मागून दांडा येतो. यातला एकेक तुकडा अपुरा असतो, त्याच्या घडीत एक पट्टी कमी असते. जिवाणूच्या दोन पटलांमधल्या जागेत एक मदतनीस प्रथिन त्याला आपली पट्टी उसनी देतं, म्हणजे तो विस्कटत नाही. बाहेर पडायच्या दाराशी पुढचा तुकडा येतो, आपली पट्टी त्या फटीत सारतो, आणि उसनी पट्टी मोकळी होते. प्रत्येक जण पुढच्याची उणीव भरून काढतो आणि दोरी तयार होते. १९९९ मध्ये या रचना स्फटिकरूपात उलगडल्या. वर्गात हे शिकवताना मी हाताची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवते, पण दर वेळी वाटतं की पुरेसं दाखवता आलं नाही.

आणि मग ती निरगाठ. आपल्याला वाटतं, धरलेली वस्तू ओढली की पकड सुटते. सुरगाठीचं तसं असतंच, टोक ओढलं की मोकळी. पण निरगाठ ओढावी तितकी आवळत जाते. फिम-एचची पकड तशी आहे. प्रवाह मंद असतो तेव्हा ती सैल असते, जिवाणू पृष्ठभागावरून हळूहळू घरंगळतो, इथून सुटतो, तिथे धरतो. प्रवाह जोराचा झाला की फिम-एचचे दोन भाग एकमेकांपासून ताणले जातात, त्या ताणाने खोबण साखरेभोवती मिटते आणि पकड कितीतरी पटीने घट्ट होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. त्यातच दांड्याची गंमत अशी, की जोराचा हिसका बसला तर पिळलेली दोरी उलगडते, लांब होते, हिसका पचवते, आणि प्रवाह थांबला की पुन्हा पिळून मूळच्या लांबीवर येते. ज्या लोंढ्याने धुऊन जावं, त्याच लोंढ्यात तो घट्ट धरून बसतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण हे वाचून कुणी पाणी पिणं सोडायला नको. पाण्याने फरक पडतो. कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये आला. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरींना ३.२ वेळा. म्हणजे आईचं बरोबर होतं. सगळेच जिवाणू धरून बसलेले नसतात, सुटे असतात ते वाहून जातात. पण संसर्ग होणाऱ्या बाईला "तू पाणी कमी प्यायलीस" एवढंच ऐकवणं हे अर्धं सत्य आहे, आणि अर्ध्या सत्याने दोष तिच्या पदरात पडतो.

उरलेलं अर्धं मूत्राशयाच्या आत आहे. मूत्राशयाच्या आतल्या पृष्ठभागावर मोठाल्या छत्रीसारख्या पेशी असतात आणि त्यांच्यावर युरोप्लॅकिन या प्रथिनांच्या फरशा बसवलेल्या असतात. लघवीपासून आपलं रक्षण करणारी ही फरसबंदी. त्यातल्या एका प्रथिनावर मॅनोजची साखळी लोंबत असते. जिवाणू नेमका तिला धरतो. नुसता धरून थांबत नाही, त्या पकडीमुळे पेशीलाच काहीतरी आत घ्यायचं आहे असा निरोप जातो आणि ती त्याला कुशीत घेते. आत तो वाढतो, हजारोंच्या घट्ट वस्त्या करतो. तिथे लघवी पोचत नाही, पांढऱ्या पेशी पोचत नाहीत, बरीचशी प्रतिजैविकंही नीट पोचत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगांत हे टप्प्याटप्प्याने पाहिलं गेलं, आणि संसर्ग झालेल्या स्त्रियांच्या लघवीत गळून आलेल्या पेशींतही अशा वस्त्या दिसल्या.

मूत्राशय त्यावर जे करतं ते वाचून मी थबकले होते. ते आपली फरसबंदी उखडून टाकतं. ज्या पेशींत जिवाणू शिरले आहेत त्या पेशी सोडून देतं, लघवीतून वाहून जाऊ देतं. घर वाचवायचं म्हणून भिंतीचा गिलावाच खरवडून काढावा, तसं. बरेचसे जिवाणू त्याबरोबर जातात. पण खालच्या कोवळ्या पेशी उघड्या पडतात, आणि एखाद-दुसरा जिवाणू त्यांच्यात शिरून न वाढता, न हलता पडून राहतो. उंदरांत असे निद्रिस्त जिवाणू कित्येक आठवडे राहिलेले दिसले आहेत, लघवी तपासली तर स्वच्छ. माझ्या हातात दर वेळी पडणारा 'नो ग्रोथ' हा रिपोर्ट मला तेव्हापासून वेगळा दिसायला लागला. तो लघवीबद्दल सांगतो. भिंतीच्या आत काय आहे, त्याबद्दल तो गप्प आहे.

एवढं वाचल्यावर जिवाणूचा राग यायला हवा होता. तसा आला नाही, उलट शरीराबद्दल फार ममता वाटली. कारण शरीरही या साखरेचा खेळ जाणून आहे. १९५० मध्ये टॅम आणि हॉर्सफॉल यांनी लघवीतून एक प्रथिन वेगळं केलं. विषाणूंमुळे होणाऱ्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या ते थांबवतं, म्हणून त्यांचं लक्ष तिकडे गेलं होतं. आज त्याला युरोमॉड्युलिन म्हणतात. निरोगी माणसाच्या लघवीत सगळ्यात जास्त असणारं प्रथिन हेच. ते मूत्रपिंडात तयार होतं, त्याचे लांब नागमोडी धागे होतात, आणि त्या धाग्यांवर ओळीने मॅनोजच्या साखळ्या लटकलेल्या असतात. जिवाणू भिंत समजून धाग्याला धरतो, एकाचे दहा होतात, सगळा पुंजका लघवीबरोबर बाहेर. माझ्या स्लाइडवरच्या उजव्या गोलात जे मी एका थेंबाने करते, ते शरीर दिवसभर, न सांगता, करत असतं. खुर्चीत बसून स्वतःला घाण समजणाऱ्या मला हे कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं.

साहजिकच मनात आलं, मग मॅनोजच घ्यावं की! मीही घेतलं. पांढरी पूड, पाण्यात विरघळवायची, चवीला गोड. तर्क इतका सुंदर होता की काम न करण्याचं कारणच दिसेना. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ५९८ स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा महिने रोज दोन ग्रॅम मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांना पुन्हा संसर्ग झाला, दुसरी साखर घेणाऱ्यांपैकी ५५.७ टक्क्यांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. मला वाईट वाटलं, पण चाचणी नीट केलेली होती आणि तिचं ऐकायला हवं. स्लाइडवर मी ठरवेन तेवढं मॅनोज घालते. शरीरात पोटातून लघवीपर्यंतचा रस्ता लांब आहे. फिम-एचच्या खोबणीत मॅनोजपेक्षा कितीतरी घट्ट बसणारे रेणू घडवण्याचं आणि फिम-एचविरुद्ध लस तयार करण्याचं काम चालू आहे. माझी आशा आता तिकडे आहे. जिवाणूला न मारता फक्त त्याची पकड सोडवायची, ही कल्पना मला पटते. मारण्याच्या औषधांना तो एकेक करून दाद देईनासा झाला आहे.

पण पकड सोडवणं सोपं नाही, कारण जिवाणू सतत धरून बसलेलाही नसतो. त्याच्या डीएनएमध्ये ३१४ अक्षरांचा एक तुकडा आहे, तो उलटसुलट फिरतो. एका दिशेने असला की झालर तयार होते, दुसऱ्या दिशेने वळला की बंद. दिव्याच्या खटक्यासारखं. एकाच वसाहतीतले काही जिवाणू झालरीचे, काही बोडके. झालर फुकट मिळत नाही. ज्या तंतूने तो आपल्या पेशीला धरतो, त्याच तंतूमुळे तो पांढऱ्या पेशींच्याही हाती सहज लागतो. म्हणून काही धरून राहतात, काही सुटे फिरतात, आणि काहीही झालं तरी कुणीतरी उरतंच. परीक्षानळीत हे बघता येतं. जिवाणू वाढवायचा पोषक रस्सा नळीत भरून त्यात जिवाणू सोडायचे आणि ४८ तास अजिबात न हलवता ठेवायचं. प्राणवायू वर असतो, झालरवाले एकमेकांना धरून पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरतात आणि तिथेच वाढतात. त्या नळीवर मी दर वर्षी चिठ्ठी लावते: 'हलवू नये'. प्रयोगासाठीचे जिवाणू मी त्या पापुद्र्यातूनच घेते.

मूत्रपिंडाकडे चढणाऱ्यांची झालर आणखी वेगळी, पी नावाची. ती मॅनोजकडे बघतही नाही, तिला गॅलॅक्टोज या दुसऱ्या साखरेचे जोडीने बांधलेले दोन रेणू लागतात. ही जोडी मूत्रपिंडाच्या पेशींवर असते, आणि पी रक्तगटाच्या खुणेतही तीच. फार थोड्या लोकांत ती जन्मतःच नसते, त्यांच्या पेशींवर या झालरीला धरायला काही सापडत नाही. डुकराच्या काही पिल्लांचंही असंच. हगवणीने पिल्लं पटापट मरायची ती ज्या के-८८ झालरीमुळे, तिला धरायला जागा काही पिल्लांच्या आतड्यात मुळातच नसते, आणि ती हगवणीत तगून जातात. जिवाणू तोच, विष तेच, फक्त पाय ठेवायला जागा नाही.

गनोरियाच्या, म्हणजे परम्याच्या, जिवाणूचे तंतू धरतात आणि मग स्वतःला आत ओढून घेतात, त्यावर तो सरपटतो. ते तंतू आपली बाहेरची बाजू सतत बदलतात, म्हणून त्यांच्यावर बेतलेली लस माणसांवरच्या चाचणीत अपयशी ठरली. पण मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट कॉलराची. कॉलराचा जिवाणू आतड्यात वस्ती करतो तो टीसीपी नावाच्या तंतूंच्या जोरावर. १९९६ मध्ये कळलं की कॉलराच्या विषाचा जनुक मुळात जिवाणूचा नाहीच. तो एका विषाणूचा आहे, आणि हा विषाणू जिवाणूत शिरतो तो त्याच तंतूला धरून. म्हणजे जिवाणूने आपल्याला धरायला हात पुढे केला, आणि त्या हाताला धरून तिसरंच कुणीतरी आत आलं. साथीच्या साथी येऊन गेल्या, त्यांच्या मुळाशी ही दुहेरी पकड.

माझा त्रास पुढे हळूहळू कमी होत गेला. कशाने, ते मला नेमकं सांगता येणार नाही, आणि उगाच एखाद्या उपायाला श्रेय द्यायचं नाही. एक मात्र झालं. त्यानंतर एका डॉक्टरबाईंनी मला कागदावर मूत्राशय काढून दाखवलं, पेशी, जिवाणू, आत शिरण्याची वाट. मला सगळं माहीत होतं. तरी मी त्यांना थांबवलं नाही.

परवा तास संपला, मुलं गेली, मी स्लाइडी जंतुनाशकात बुडवत होते. प्रश्न विचारणारी ती मुलगी परत आली.

"मॅडम, आधी मॅनोज घातलं तर धरत नाहीत. पण धरून झाल्यावर घातलं तर? सोडतात का?"

मी तिला का विचारतेस म्हणून विचारलं नाही. नवी स्लाइड काढली, पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने एकच गोल काढला. पापुद्र्याच्या नळीत थोडे जिवाणू उरले होते. गुठळ्या दिसायला लागल्यावर तिने मॅनोजचा थेंब सोडला, स्लाइड उजेडाकडे धरली आणि सावकाश कलती करू लागली. मी तिच्या खांद्यामागे उभी राहिले, दोघीही त्या थेंबाकडे बघत.